एआयवरचा गणिताचा पेपर कुठे पाठवू? एक जर्नल पंधरा हजारात आठवड्यात छापतंय

पत्र थोडं कापून देतेय, नावगाव काढून:

"नमस्कार मॅडम, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) गणित शिकवते आणि पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. विषय फिक्स्ड पॉइंट थिअरी (मॅपिंग लावल्यावर जो बिंदू जागचा हलत नाही त्याचा अभ्यास). स्टेप साइज बदलत जाणाऱ्या आणि ग्रेडियंटमध्ये नॉइज असलेल्या ग्रेडियंट डिसेंटच्या (उताराच्या दिशेने पायरीपायरीने जात फंक्शनची किमान किंमत शोधायच्या पद्धतीच्या) कन्व्हर्जन्सवर एक थिअरम सिद्ध केलाय आणि शेवटी एमनिस्ट डेटावर (हाताने लिहिलेल्या अंकांची चित्रं) न्यूरल नेटवर्क चालवून अ‍ॅक्युरसीचं टेबल दिलंय. गाइड सरांच्या ओळखीतून एक जर्नल कळलं, पंधरा हजार रुपये, आठ दिवसांत अ‍ॅक्सेप्टन्स, वर 'स्कोपस इंडेक्स्ड' (स्कोपस या जर्नलांच्या मोठ्या डेटाबेसात असलेलं) लिहिलंय. सर म्हणतात देऊन टाक आणि एचओडींचं नाव पण घाल. मला पटत नाहीये पण बोलता येत नाही. पेपर गणिताच्या जर्नलला द्यावा की एआयच्या? दोन-तीन ठिकाणी एकदम पाठवला तर चालेल का? माझं इंग्रजी कच्चं आहे, चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ का? मला अगं-तुगंच करा. — स."

स., पैसे भरू नकोस. पेपरच अजून पाठवू नकोस तिथे, आणि पाठवला असशील तर आजच लेखी मेल टाकून मागे घे, कारण अशी जर्नलं एकदा 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणाली की मागे घ्यायचे वेगळे पैसे मागतात, आणि छापून मोकळी झाली की तुझा थिअरम संपला, तोच निकाल परत दुसरीकडे देता येत नाही. पंधरा हजार सीएचबीच्या पगारात फार मोठी रक्कम आहे हे मला कळतं पण जाणार असलेली त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो थिअरम, आणि तो तू तीन वर्षं घासून काढलायस.

'स्कोपस इंडेक्स्ड' हे वेबसाइटवर कुणीही लिहू शकतं. स्कोपसच्या स्वतःच्या साइटवर 'सोर्सेस' म्हणून पान आहे, लॉगिन न करता उघडतं, तिथे जर्नलचा आयएसएसएन (नोंदणी क्रमांक) टाक आणि कव्हरेजची वर्षं बघ. कितीतरी जर्नलांपुढे अमुक सालापर्यंत, पुढे बंद, असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि जर्नलवाले ते सोडून बाकी सगळं सांगतात. दुसरा प्रकार याहून वाईट, जर्नल खरं असतं पण साइट नकली, म्हणजे नाव आयएसएसएन सगळं उचललेलं आणि पैसे भलत्याच खात्यात. म्हणून मेलमधल्या लिंकवरून कधीच जायचं नाही, पब्लिशरच्या मूळ साइटवरून जायचं. आणि मोठं नाव आहे म्हणून डोळे मिटून जायचं असंही नाही, हिंदावी ही प्रकाशन संस्था वायली या मोठ्या प्रकाशकाने २०२१ मध्ये विकत घेतली आणि २०२३ या एका वर्षात तिथले आठ हजारांवर पेपर रिट्रॅक्ट झाले (छापल्यावर मागे घेतले गेले), त्यात तुझ्या-माझ्या बाजूचं 'कॉम्प्युटेशनल इंटेलिजन्स अँड न्यूरोसायन्स' हे जर्नलच वायलीला बंद करावं लागलं. तिथे प्रामाणिकपणे पेपर दिलेली माणसं पण असणारच ना, त्यांच्या सीव्हीवर आता बंद पडलेल्या जर्नलचं नाव आहे.

पूर्वी निदान यूजीसी-केअरची, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांची, यादी बघा म्हणून सांगता यायचं, आपल्या पुणे विद्यापीठातच त्याचं काम चालायचं, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं, आता फक्त मार्गदर्शक निकष आहेत आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थेवर आणि आपल्यावर. अजूनही कुणी 'केअर लिस्टेड' म्हणून पैसे मागत असेल तर तिथेच ओळखायचं. आणि आणखी एक, यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत थीसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. तुझ्या विद्यापीठाने स्वतःच्या नियमात ठेवली असेल तर वेगळं, ते पीएचडी सेक्शनला जाऊन लेखी नियम बघून घे, ऐकीव माहितीवर घाई करू नकोस. निम्म्या लोकांची ही घाई जुन्या नियमाच्या भीतीतून येते.

आता मुख्य प्रश्न, गणिताचं जर्नल की एआयचं. मला विचारशील तर जर्नल शोधायच्या आधी तुझा पेपर वाचणारं माणूस कोण हे ठरव. तुझ्या पेपरची रेफरन्सची यादी काढ आणि बघ तू कुणाच्या निकालाला पुढे नेलंयस, ती माणसं जिथे लिहितात तिथेच तुझे रेफरी (पेपर तपासणारे) बसलेले आहेत. या दोन दुनियांच्या रीती फार वेगळ्या आहेत. एआयवाल्यांकडे जर्नलपेक्षा कॉन्फरन्स मोठी, न्यूरिप्स, आयसीएमएल, आयसीएलआर, तिथे वर्षाची ठरलेली डेडलाइन, काही महिन्यांत निकाल, आणि रिव्ह्यूअर आधी विचारतो की प्रयोगात फरक किती पडला. गणितात कॉन्फरन्सला तेवढं वजन नाही, जर्नलच सगळं, रेफरी प्रूफ ओळीओळीने वाचतो आणि त्याला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. नावांचा क्रमही वेगळा, गणितात बहुतेक अल्फाबेटिकल, एआयमध्ये पहिलं नाव कुणाचं यावर सगळं. तुझा पेपर आत्ता दोन्हीकडे एक-एक पाय ठेवून उभा आहे, आणि खरं सांगू का, असा पेपर दोन्हीकडून परत येतो.

का ते सांगते, कारण तू पाठवलेली पीडीएफ मी वाचली आणि मला तुझा थिअरम आवडला पण शेवटचं सेक्शन वाचून मी थांबले. थिअरममध्ये तू धरलंयस की फंक्शन कॉन्व्हेक्स (वाटीसारखं) आहे आणि त्याचा ग्रेडियंट (उतार) लिपशिट्झ आहे, म्हणजे एल या ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेगाने बदलत नाही. बरोबर, त्याशिवाय ग्रेडियंटची पायरी नॉनएक्स्पान्सिव्ह मॅपिंग (दोन बिंदूंमधलं अंतर न वाढवणारं) होत नाही, स्टेप साइज दोन भागिले एलपर्यंत चालते ती त्याच जोरावर. आणि मग सेक्शन पाचमध्ये तू रेलू (उणे किमतीचं शून्य करणारं फंक्शन) वापरलेलं न्यूरल नेटवर्क चालवलंयस! त्याचा लॉस (चुकीचं माप) कॉन्व्हेक्स नाही, रेलूला शून्यापाशी कोपरा आहे म्हणजे तो सगळीकडे डिफरन्शिएबलही नाही, तर ग्रेडियंट लिपशिट्झ कुठून येणार. म्हणजे प्रयोगात तुझ्या थिअरमची एकही अट पाळली जात नाही. गणिताचा रेफरी म्हणेल याचा थिअरमशी संबंध काय, एआयचा रेफरी म्हणेल ही अ‍ॅक्युरसी तर साध्या पद्धतीनेही येते, यात नवीन काय. दोघंही बरोबर.

यावर उपाय अवघड नाहीये. एमनिस्टच ठेव पण नेटवर्क काढ. त्यातले ३ आणि ८ हे दोनच अंक घे, लेबल अधिक एक आणि उणे एक, आणि साधं लीस्ट स्क्वेअर्स (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं निम्मं कमीत कमी करणं) सोडव. ते कॉन्व्हेक्स आहे, एल म्हणजे डेटा मॅट्रिक्सच्या एक्स-ट्रान्सपोज-एक्सची सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू भागिले नमुन्यांची संख्या, ती कॉम्प्युटर लगेच काढून देतो, म्हणजे थिअरममधली स्टेप साइज जशीच्या तशी वापरता येते, अंदाजे नाही. आणि यात एक फार सुंदर गोष्ट आहे जी तू पेपरात लिहिलीच पाहिजेस. एमनिस्टच्या चित्रात ७८४ पिक्सेल असतात आणि कोपऱ्यातले कितीतरी पिक्सेल प्रत्येक चित्रात शून्यच असतात, म्हणजे मॅट्रिक्सचे तेवढे कॉलम पूर्ण शून्य, म्हणजे फंक्शन स्ट्राँगली कॉन्व्हेक्स नाही (काही दिशांना ते सपाटच आहे), उत्तर एकमेव नाही, आणि म्हणून बानाखचं काँट्रॅक्शनवालं थिअरम (दर पायरीला अंतर ठरावीक पटीने घटत असेल तर एकच फिक्स्ड पॉइंट मिळतो हे सांगणारं) इथे चालत नाही. नेमकी तुझ्या पद्धतीची गरज इथे आहे! कुणीतरी सांगेल लॉजिस्टिक रिग्रेशन घे, ते पण चालेल पण सांभाळून, कारण डेटा एका रेषेने पूर्ण वेगळा होत असेल तर लॉजिस्टिकच्या लॉसला मिनिममच सापडत नाही, मग फिक्स्ड पॉइंट कशाचा शोधणार, आणि ते टाळायला रेग्युलरायझेशन (मोठ्या किमतींना दंड) घातलंस की फंक्शन स्ट्राँगली कॉन्व्हेक्स होतं आणि रेफरी विचारतो मग बानाख पुरे होता की. लीस्ट स्क्वेअर्सच बरं. अ‍ॅक्युरसीचं टेबल काढून टाक, त्याऐवजी प्रत्येक पायरीला रेसिड्यूअल (फिक्स्ड पॉइंट व्हायला राहिलेली तफावत) किती उरतो त्याचा ग्राफ दे, आणि नॉइज आहे म्हणजे एकदा चालवून भागणार नाही, वेगवेगळ्या रँडम सीडने चालवून सरासरी आणि पसारा दोन्ही दाखव. नेटवर्कचा प्रयोग अगदीच जिवावर आला असेल काढायला तर शेवटी छोट्या परिच्छेदात ठेव आणि स्पष्ट लिही की हे थिअरमच्या बाहेरचं आहे.

पहिलं पान पण बदल. आत्ता सुरुवात अशी आहे की आजच्या युगात एआयला अनन्यसाधारण महत्त्व आहे, मग अर्धं पान हेल्थकेअर, शेती, बँकिंग. एडिटरला ते सगळं माहीत आहे गं. त्याला पहिल्या दहा ओळींत कळलं पाहिजे की रॉबिन्स आणि मनरो यांनी १९५१ मध्ये स्टेप साइजवर जी अट घातली (बेरीज अनंत, वर्गांची बेरीज मर्यादित) तिच्या तुलनेत तू नॉइजवरची अट कुठे सैल केलीस. फिक्स्ड पॉइंट शोधायचं मान इटरेशन १९५३ चं आहे, क्रास्नोसेल्स्कीचं १९५५ चं, हे सगळं जुनं आहे हे रेफरीला पाठ असतं, तुझं नवीन काय ते तू लपवून पान नऊवर रिमार्कमध्ये ठेवलंयस. ते पुढे आण. आणि तुझी तिसरी अझम्प्शन, ग्रेडियंट बाउंडेड (मर्यादेत) आहे ही, ती खरंच लागते का बघ, लीस्ट स्क्वेअर्सला पूर्ण जागेवर ग्रेडियंट बाउंडेड नसतो! प्रूफमध्ये ती एकाच ठिकाणी वापरलीयस, तिथे इटरेट्स (पायरीपायरीला मिळणारे बिंदू) बाउंडेड राहतात एवढ्यावर काम होईल असं मला वाटतंय, पण ते तू नीट तपास, आणि झालं तर थिअरमच मोठा होईल.

हे सगळं इतकं चिकटपणे का सांगतेय, तर अ‍ॅडम नावाचा ऑप्टिमायझर आहे, आज जगभर नेटवर्क ट्रेन करायला तो किंवा त्याचे प्रकार फार वापरतात, त्याचा पेपर आयसीएलआर २०१५ मध्ये आला, त्यात कन्व्हर्जन्सचं प्रूफ पण होतं. २०१८ मध्ये रेड्डी, काळे आणि कुमार यांनी दाखवलं की त्या प्रूफमध्ये चूक आहे, आणि एकाच व्हेरिएबलचं साधं कॉन्व्हेक्स उदाहरण दिलं जिथे अ‍ॅडम चुकीच्या टोकाला जाऊन बसतो. त्या पेपरला आयसीएलआरमध्ये बेस्ट पेपर मिळालं. प्रूफ शांतपणे वाचणाऱ्या गणितवाल्यांची एआयला गरज आहे ती अशी, आणि तू त्यातली आहेस, म्हणून आठ दिवसांच्या जर्नलात जाऊ नकोस.

तर माझं मत, हा पेपर गणिताच्या बाजूला ठेव. जर्नल ऑफ ऑप्टिमायझेशन थिअरी अँड अ‍ॅप्लिकेशन्स, न्यूमरिकल अल्गोरिदम्स, ऑप्टिमायझेशन ही नावं आधी बघ, प्रत्येकाचे गेल्या दोन-तीन वर्षांतले अंक चाळ, तुझ्यासारखे पेपर दिसतायत का. आपल्याकडचं इंडियन जर्नल ऑफ प्युअर अँड अप्लाइड मॅथेमॅटिक्स आहे, ऑप्सर्च आहे. यातल्या कुठल्याही ठिकाणी लेखकाला पैसे भरावेच लागतात असं नाही, फक्त एक जागा सांभाळ, अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर फॉर्म येतो त्यात ओपन अ‍ॅक्सेस की सबस्क्रिप्शन असं विचारतात, तिथे सबस्क्रिप्शन निवडायचं, घाईत ओपन अ‍ॅक्सेसवर टिक केलं की लाखांच्या घरातलं बिल येऊ शकतं. उद्या प्रयोगाची बाजू भक्कम असलेला दुसरा पेपर झाला तर टीएमएलआर हे मशीन लर्निंगचं जर्नल बघ, २०२२ पासून चालू आहे, रिव्ह्यू सगळ्यांना दिसतात, फी नाही, आणि ते मुख्यतः दोनच गोष्टी बघतात, दावे पुराव्याने सिद्ध झालेत का आणि कुणाला तरी यात रस असेल का. जेएमएलआर हे त्याच विषयाचं जर्नल पण फी घेत नाही, वाचणाऱ्याकडूनही नाही, लिहिणाऱ्याकडूनही नाही. म्हणजे एआयमध्ये पैसे दिल्याशिवाय छापत नाहीत हे जे तुमच्या स्टाफरूममध्ये बोलतात ते खोटं आहे.

दोन-तीन ठिकाणी एकदम? अजिबात नाही. सबमिट करताना तू टिक करून लिहून देतेस की हा पेपर दुसरीकडे विचाराधीन नाही, आणि फिक्स्ड पॉइंटवाली दुनिया छोटी आहे, तोच पेपर दोन एडिटरांकडून एकाच रेफरीकडे जातो, मग दोन्हीकडून बाद आणि नाव खराब. थांबायचा काळ वाया जाऊ नये म्हणून अर्काइव्ह (arXiv) या साइटवर प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीची प्रत, टाक. १९९१ पासून चालू आहे, फुकट आहे, तारीख पडते म्हणजे निकाल तुझा हे नोंदलं जातं, आणि स्प्रिंगर, एल्सेव्हिअर, सिआम यांना प्रीप्रिंट चालतं. पहिल्यांदा टाकताना आधी तिथे लिहिणाऱ्या कुणाचं तरी एंडॉर्समेंट (शिफारस) लागतं, त्यासाठी अनोळखी लोकांना सरसकट मेल करू नकोस, ज्याचा पेपर तू खरंच वाचून वापरलायस अशा एकाला चार ओळी लिही, तुझा थिअरम एका वाक्यात सांग आणि पीडीएफ जोड. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, आयसर आहे, तिथल्या सेमिनारला एकदा जाऊन आलीस तर माणसं भेटतील, मेलपेक्षा ते कधीही बरं.

इंग्रजीचं म्हणशील तर चॅटजीपीटीकडून वाक्यं सुधारून घ्यायला माझी हरकत नाही, बहुतेक जर्नलांचीही नसते, पण वापरलं असेल तर जिथे सांगायला सांगितलंय तिथे सांगायचं, आणि लेखक म्हणून त्याचं नाव चालत नाही. आधी तू तुझ्या तुटक्या इंग्रजीत लिही, मग त्याला दे, आणि परत आलेलं मूळ पानाशेजारी ठेवून वाच, कारण ते 'देअर एक्झिस्ट्स' आणि 'फॉर एव्हरी' यांची जागा गोडगोड वाक्यात बदलून टाकतं आणि थिअरमचा अर्थच फिरतो. रेफरन्स तर त्याच्याकडून घ्यायचेच नाहीत, नाव खरं, जर्नल खरं, आणि तसा पेपर अस्तित्वातच नाही असं होतं. प्रत्येक रेफरन्स झेडबीमॅथ या गणिताच्या पेपरांच्या सूचीवर उघडून बघ, तो डेटाबेस २०२१ पासून सगळ्यांना खुला आहे. आणि प्लेजरिझमचा टक्का कमी करायला ती शब्द बदलणारी सॉफ्टवेअर लावतात ना, ती अजिबात नको, २०२१ मध्ये कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेपरांची मोठी यादीच काढली, त्यात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं सापडलं.

सरांशी बोलायचं ते. मला वाटतं तुला भीती याचीच जास्त आहे. 'सर, हे जर्नल फेक आहे' असं म्हणत जाऊ नकोस, ते त्यांच्या ओळखीवर जातं. स्कोपसच्या पानाची प्रिंट घेऊन जा, शेजारी दोन पर्यायी जर्नलांची नावं, दोन्ही इंडेक्स्ड, फी शून्य, आणि सांग की सर मला शेवटचं सेक्शन बदलायला महिनाभर द्या, मग इथे पाठवू, तुमचं नाव आहेच. गाइडलाही चांगल्या जर्नलमधला पेपर हवाच असतो, त्यांना कुणीतरी यादी हातात द्यायला हवी असते एवढंच. तरी अडून बसले तर एक गोष्ट लक्षात ठेव, सगळ्या लेखकांच्या संमतीशिवाय पेपर पाठवता येत नाही, हे तुझ्यावर जसं बंधन आहे तसं त्यांच्यावरही आहे. एचओडींचं म्हणशील तर त्यांनी प्रूफमध्ये, मांडणीत, प्रयोगात काही केलेलं नाही, मग लेखक म्हणून नाव नको, आभारात आदराने लिही की विभागाने सवलत दिली, लॅब दिली. सरांना हे सांगणं तुला जड जात असेल तर जर्नलचा कुणी काय केलं विचारणारा कंट्रिब्यूशनचा फॉर्म पुढे कर, 'सर, इथे एचओडी सरांचं काय लिहू' असं विचार. बरेचदा तिथेच प्रश्न सुटतो.

पाठवल्यावर सहा महिने एडिटरला काही विचारू नकोस, मग एक नम्र ओळ लिहायला हरकत नाही. मेजर रिव्हिजन आलं तर रडू नकोस, ती चांगली बातमी असते, रेफरीचा प्रत्येक मुद्दा कॉपी कर आणि खाली काय बदललं, कुठल्या पानावर, ते लिही, नसेल पटत तर कारण लिही, पण एकही मुद्दा वगळू नकोस. रामानुजनचा पहिला पेपर १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला, त्याआधी एडिटर नारायण अय्यंगार यांनी तो रामानुजनकडे परत परत पाठवला होता, कारण मांडणी इतकी त्रोटक की वाचणाऱ्याला कळेना. परत पाठवणारा एडिटर पेपर वाचतोय, हे त्याचं महत्त्व. आठ दिवसांत हो म्हणणारा वाचतच नाही.

आणि सबमिट करायच्या आधी ऑर्किड आयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढ, पाच मिनिटांचं काम, आणि नाव कसं छापायचं ते आत्ताच ठरवून घे. मार्कशीटवर आपलं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तेच फॉर्ममध्ये जसंच्या तसं भरलं की डेटाबेस शेवटचा शब्द आडनाव धरतो आणि पेपर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावाखाली जमा होतो, पुढे लग्नाआधीचं-नंतरचं अशी दोन खाती होतात ते वेगळंच. तुझ्या पीडीएफवर आत्ता तसंच झालंय, पहिल्या पानावर बदल. लीस्ट स्क्वेअर्सचा ग्राफ आला आणि ती तिसरी अझम्प्शन निघाली की नाही ते कळलं की मला कळव, मी परत एकदा प्रूफ वाचेन.